जुन्या गाडीचा ईसीयू: मूळ रॉम फोडायची, पिगीबॅक लावायचा की सरळ स्टँडअलोन?

कॅम बदलला, इंजेक्टर मोठे घातले किंवा टर्बोचं बूस्ट वाढवलं, की गाडी अडते ती ईसीयूपाशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापाशी. कारखान्यातून आलेल्या त्या डब्याला तुमचं बदललेलं इंजिन माहीत नसतं. इथून तीन वाटा फुटतात: मूळ ईसीयूतला प्रोग्रॅम वाचून त्यातले मॅप (इंजिनाच्या कोणत्या वेगाला आणि भाराला किती इंधन, कधी ठिणगी याचे तक्ते) बदलायचे, सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये सिग्नल बदलणारा पिगीबॅक बसवायचा, किंवा जुना डबा काढून मेगास्क्वर्ट, स्पीडुइनोसारखा स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र ईसीयू, लावायचा. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ती वाट तुमच्या गाडीला खुली आहे का, हे हौसेवर नाही तर झाकणाखाली कोणती चिप आहे त्यावर ठरतं.

झाकणाखाली काय आहे

नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम वेगळ्या ईप्रॉममध्ये, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपमध्ये, सापडतो. २८ पायांची चिप, तिच्यावर २७सी२५६ किंवा २७सी५१२ असं छापलेलं. म्हणजे अनुक्रमे ३२ आणि ६४ केबी. डिसोल्डर करायची, प्रोग्रॅमरवर वाचायची, जागेवर सॉकेट लावायचं. यूव्ही दिव्याखाली चिप पुसत बसायचा कंटाळा असेल तर विजेवर पुसली जाणारी २७एसएफ५१२ वापरता येते. त्याहून बरा ईप्रॉम एम्युलेटर, म्हणजे चिपच्या जागी लागणारं उपकरण, कारण इंजिन चालू असताना मॅपचा सेल (एक खाना) बदलता येतो. होंडाच्या १९९२-९५ च्या पी२८ ईसीयूत तर बाहेरच्या चिपची जागा बोर्डावर बहुधा रिकामीच सोडलेली असते. सॉकेट, ७४एचसी३७३ लॅच, दोनचार सुटे भाग आणि जे१ जंपर टाकला की ईसीयू आतल्या प्रोग्रॅमऐवजी तुमची चिप वाचू लागतो.

नंतरच्या ईसीयूंमध्ये फ्लॅश मेमरी आली. बॉशच्या एमई७ मध्ये साधारण २९एफ८०० सापडते, १ एमबीची. ती बऱ्याचदा ओबीडी पोर्टमधूनच, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठीच्या सॉकेटमधूनच, लिहिता येते. लिहिताना मध्येच काही बिघडलं तर फ्लॅशची २४वी पिन क्षणभर ग्राउंड करून ईसीयू बूट मोडमध्ये नेतात आणि पुन्हा लिहितात. इथे चेकसम, म्हणजे डेटा शाबूत आहे का हे तपासणारी बेरीज, नीट करून घेणं टळत नाही. एमई७ मध्ये तो एक नसतो, अनेक ठिकाणी विखुरलेला असतो. हाताने करायच्या फंदात पडू नका, एमई७सम हे साधन त्यासाठीच आहे.

आणि नशीब वाईट असेल तर मास्क रॉम. प्रोग्रॅम मायक्रोकंट्रोलरच्या पोटात, तोही कारखान्यातच कोरलेला. नव्वदच्या दशकातल्या टोयोटाच्या अनेक डेन्सो ईसीयूंची ही गत आहे. अशा गाडीत पहिली वाट जवळपास बंद समजा आणि थेट स्टँडअलोनचा भाग वाचा.

नकाशा आधीच कोणी काढलाय का?

रॉम हाती आली म्हणजे ट्यूनिंग हाती आलं असं नाही. हातात असतात ते फक्त बाइट. त्यातला कुठला भाग इग्निशनचा, कुठला इंधनाचा, कुठला रेव्ह लिमिटचा, हे सांगणारी डेफिनिशन फाइल लागते. ट्यूनरप्रो या ट्यूनिंग सॉफ्टवेअरमध्ये ती एक्सडीएफ स्वरूपात असते, सुबारूसाठी रोमरेडरची स्वतःची असते. तुमच्या नेमक्या सॉफ्टवेअर आवृत्तीची फाइल उपलब्ध असेल तर निर्णय झालाच म्हणा, मूळ ईसीयूच ठेवा. मात्र आवृत्ती नेमकी तीच हवी. शेजारच्या आवृत्तीची फाइल उघडते, आकडेही ‘बरे’ दिसतात, आणि पत्ता सोळा बाइटने सरकलेला असतो.

फाइल नसेल तर रिव्हर्स इंजिनिअरिंग. यातही दोन पातळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली पातळी डोळ्यांची. सगळी फाइल आलेखासारखी पाहायची. कोड खडबडीत गोंगाटासारखा दिसतो, मॅप डोंगरउतारासारखे. मॅपच्या आधी चढत्या क्रमाचे बाइट दिसले तर तो अक्ष. जुन्या ८-बिट ईसीयूत आरपीएम बऱ्याचदा ४० ने भागून ठेवलेला असतो, म्हणजे १५, २०, २५, ३० हे ६००, ८००, १०००, १२०० झाले. पण बॉशच्या जुन्या मोट्रॉनिकमध्ये हा डोळा फसतो. तिथे अक्षावर थेट मूल्यं नसतात, शेजारच्या मूल्यापासूनचा फरक लिहिलेला असतो. आणि मॅप सापडला तरी इंजिन तोच वाचतंय याची खात्री नाही. मी एकदा अख्खी संध्याकाळ एका इग्निशन टेबलवर घालवली. टायमिंग दोन अंश मागे, चार अंश मागे, इंजिनाला काडीचा फरक नाही. शेवटी कळलं की ते टेबल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॉडेलचं होतं, आणि माझी गाडी मॅन्युअल.

अशा वेळी दुसरी पातळी लागते, डिसअसेंब्ली, म्हणजे बाइट पुन्हा प्रोसेसरच्या सूचनांच्या रूपात वाचणं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने गिद्रा हे त्यासाठीचं साधन मोफत खुलं केल्यापासून हौशी माणसाच्या आवाक्यात हे खरोखर आलं. ८०५१ आणि सुपरएच ही प्रोसेसरची घराणी त्यात मुळातच आहेत, आणि मोट्रॉनिकचे जुने अवतार पहिल्यातले, २००० च्या दशकातले बरेच सुबारू दुसऱ्यातले. फोर्डच्या ईईसी-४ ईसीयूमधला इंटेल ८०६१ किंवा होंडातला ओकी प्रोसेसर असेल तर मात्र खास त्याच्यासाठी लिहिलेला डिसअसेंबलर शोधावा लागतो.

डिसअसेंब्लीत सुरुवातीपासून ओळ न् ओळ वाचत गेलात तर वर्ष जाईल. युक्ती अशी: मॅपमधून मूल्य काढणारं, दोन सेलमधलं इंटरपोलेशन (मधली किंमत काढणं) करणारं सबरूटीन, म्हणजे छोटा उपप्रोग्रॅम, शोधा. शेकडो ठिकाणांहून एकाच छोट्या रूटीनला कॉल जात असेल तर ते हेच असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक कॉलच्या जरा आधी टेबलचा पत्ता रजिस्टरमध्ये भरलेला असतो. ते पत्ते गोळा केले की सगळ्या मॅपची यादी तयार. मग उलट्या टोकाने या: एडीसी (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) कुठे वाचला जातो ते पाहा, कूलंट सेन्सरचं मूल्य कोणत्या रॅम पत्त्यावर जातं ते टिपा, आणि तो पत्ता कोणत्या टेबलला अक्ष म्हणून पुरवला जातो ते बघा. तापमानाचा अक्ष असलेलं टेबल कशासाठी असेल हे मग फार डोकं न खाजवता कळतं. सी१६७ या प्रोसेसरवरच्या एमई७ मध्ये आणखी एक अडथळा आहे. तिथे डेटाचे पत्ते १६ केबीच्या पानांमधून डीपीपी रजिस्टरच्या आधारे बनतात, ती मूल्यं डिसअसेंबलरला सांगितली नाहीत तर सगळे संदर्भ भलतीकडे जातात. पण एकदा बसलं की काम चोख होतं: मूळ इग्निशन मॅप केएफझेडडब्ल्यू, एक पायरी म्हणजे ०.७५ अंश, इतकं स्पष्ट.

यात महिने जाऊ शकतात. कोडं सोडवण्यात मजा वाटत असेल तरच या वाटेला जा. फक्त गाडी पळवायची असेल तर नको.

पिगीबॅक

माझ्या मते हा पर्याय जवळजवळ नेहमी चुकीचा. समजा इंजेक्टर मोठे घातले. पिगीबॅक एअरफ्लो मीटरचा सिग्नल कमी करून पुढे पाठवतो, म्हणून ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. पण लोडही तो त्याच सिग्नलवरून मोजतो, आणि लोड कमी वाटला की ठिणगी आधी पाडतो. मिश्रण बरोबर, टायमिंग नको तितकं पुढे, आणि मग नॉक, म्हणजे सिलिंडरात इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक. शिवाय क्रूझमध्ये (एकसमान वेगात) हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७:१ पासून मुद्दाम हलवलंत तर ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू ते परत तिथेच आणतो. मास्क रॉमची गाडी आणि अगदी किरकोळ बदल, एवढ्यापुरता चालेल.

स्टँडअलोन

ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्ट आणलं तेव्हापासून हा मार्ग घरच्या टेबलावर आला. स्पीडुइनो तर आर्डुइनो मेगा २५६० वर चालतो, १६ मेगाहर्ट्झचा ८-बिट प्रोसेसर. रसईएफआय एसटीएम३२ या ३२-बिट चिपवर, म्हणजे ताकद जास्त. प्रत्येक टेबल नावासकट समोर, लॉगिंग आयतं, कोणाचंही फर्मवेअर फोडायचं नाही. एअरफ्लो मीटर फेकून एमएपी सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) जायचं असेल, डिस्ट्रिब्युटर काढून कॉइल लावायच्या असतील किंवा इंजिनच दुसऱ्या गाडीचं असेल, तर मूळ रॉमशी झुंजण्यात अर्थ नाही.

पण विकणारे एक गोष्ट हळूच सांगतात. पूर्ण थ्रॉटलचं ट्यूनिंग सोपा भाग आहे, ते एका दुपारी होतं. कठीण असतं ते थंडीत पहाटे पहिल्या झटक्याला स्टार्ट होणं, स्टार्टनंतरचं जादा इंधन हळूहळू उतरवणं, एसी लागल्यावर आयडल न पडणं, बॅटरी १० व्होल्टला आल्यावर इंजेक्टर उशिरा उघडतो त्याची भरपाई. कारखान्याने यावर थंड प्रदेशापासून वाळवंटापर्यंत चाचण्या केलेल्या असतात, आणि मूळ रॉम ठेवली तर ते सगळं फुकट मिळतं. स्टँडअलोनमध्ये थंड स्टार्टचा दिवसाला एकच प्रयत्न मिळतो, एकदा तापलं की उद्यापर्यंत थांबा. क्रँकचं ट्रिगर व्हील ६०-२ (६० दातांतले दोन गाळलेले) सारखं सर्वमान्य असेल तर बरं, विचित्र असेल तर ते ओळखणारा डिकोडर आहे का ते खरेदीआधी पाहा. आणि टायमिंग लाइटने बेस टायमिंग तपासल्याशिवाय लोड देऊ नका. स्क्रीनवरचे १० अंश क्रँकवर १८ असू शकतात.

वाट कोणतीही घ्या, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लागणारच. जुना नॅरोबँड १४.७ च्या आसपासच बोलतो, पूर्ण लोडवर तो मुका. रस्त्यावरच्या गाडीत उत्सर्जनाचे नियम इथेही लागू आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेत वाहनांच्या सॉफ्टवेअरला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली, ती प्रदूषणाच्या नियमांतून नव्हे.

मूळ ईसीयू डॅशबोर्ड, एसी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सांभाळत असेल आणि इंजिन मात्र खूप बदललेलं असेल, तर दोन्ही एकत्र चालवतात. जुना डबा जागेवर राहतो आणि सेन्सर वाचत राहतो, इंजेक्टर आणि कॉइल तेवढ्या स्टँडअलोनकडे. फक्त तापमानाचा सेन्सर दोघांनी वाटून घेऊ नये. दोन्हीकडचे पुल-अप रेझिस्टर मिळून आकडा चुकवतात, त्यापेक्षा दुसरा सेन्सर लावा.