त्र्यैक्य आणि एकत्व: देवाच्या स्वरूपाविषयी दोन ख्रिस्ती मते

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती घरांत देव एकच, याबद्दल दुमत नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाते कसे समजायचे, येथे मात्र वाटा फुटू शकतात. इ. स. 325 ची निकाया आणि 381 ची कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषद यांतून ठाम झालेल्या त्र्यैक्यवादानुसार देवाचे सत्त्व एक, पण व्यक्ती तीन व कायम भिन्न. 1913 नंतर अमेरिकेतील पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीतून निघालेल्या एकत्ववादानुसार एकच देव तीन रूपांनी प्रकटला आणि त्याचे नाव येशू.

हा भेद बाप्तिस्म्याच्या, म्हणजे पाण्याने दीक्षा देण्याच्या विधीच्या, वेळी कानांवर येतो. त्र्यैक्यवादी पाळक (धर्मगुरू) बायबलमधील मत्तय 28:19 प्रमाणे तिघांचा उच्चार करतो, तर कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला एकत्ववादी पाळक प्रेषितांची कृत्ये 2:38 ला धरून केवळ येशूच्या नावाने बुडवतो आणि पहिल्या प्रकारचा बाप्तिस्मा सहसा पुरेसा मानत नाही. (सोयरिकीच्या बोलणीत हा मुद्दा निघाला, तर नवल नको.)

एकत्ववाद समजायला सुटसुटीत खरा. परंतु येशूच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत पुत्र, वरून उतरणारा आत्मा आणि आकाशातून पित्याची वाणी, हा प्रसंग उलगडताना त्याची दमछाक होते, असे मला वाटते. त्र्यैक्यवाद्याला तीन देवांचा आक्षेप वारंवार खोडावा लागतो.