ऑफिसातल्या माशांच्या टाकीत कुठलं झाड लावावं: दगडावरचं की वाळूतलं?

लातुरात ऑफिसच्या टेबलावर माशांची काचेची टाकी ठेवली की पहिला टोमणा ठरलेला: "मान्सायला प्यायला पानी न्हाई अन् ह्यांना मासे पाळायचेत." 2016 च्या एप्रिलात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे ऐकून घ्यावंच लागतं. म्हणून आधी पाण्याचा हिशोब. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत चाळीस लिटरच्या आतच पाणी मावतं. आठवड्याला त्यातलं आठ-दहा लिटर बदलायचं. काढलेलं पाणी मोरीत न ओतता कुंड्यांना घालायचं, कारण माशांच्या विष्ठेतलं नत्र त्यात उतरलेलं असतं. आमचा मनीप्लँट त्याच्यावरच माजलाय.

पाण्यातली झाडं वाढावीत म्हणून काही जण टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडतात; तो मी तुलनेत धरतच नाही. सुट्टीत कुलूप लागणाऱ्या ऑफिसात तो कोण बघणार? मग राहतात दोन वाटा: दगडाला किंवा लाकडाला बांधायची झाडं, म्हणजे ॲनुबियास आणि जावा फर्न, नाहीतर वाळूत रुजणारी, म्हणजे व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन.

आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचा. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. चहाच्या भांड्याला बसणारा पांढरा थर त्याचाच. इथे व्हॅलिस्नेरिया बाजी मारते. तिला लागणारा कर्ब ती जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही काढून घेते, आणि मुळात ती आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही वाढणारी वनस्पती आहे. ॲनुबियास पश्चिम आफ्रिकेतलं; ते जड पाणी चालवून घेतं, पण खुलत नाही. मी सुरुवातीला शहाणपणा करून ऑफिसला येणाऱ्या आरओच्या जारनेच टाकी भरली होती. महिन्याभरात नवी पानं वाकडी, खुरटी यायला लागली. आरओमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ सगळं निघून जातं, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आता बोअरचं पाणी वापरतो आणि जारचं फक्त उडून गेलेल्या पाण्याची भर घालायला, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला एक दिवस उघड्या बादलीत ठेवा.

उजेडाच्या बाबतीत पारडं फिरतं. ॲनुबियास साध्या ट्यूबलाइटच्या उजेडातही तग धरतं. व्हॅलिस्नेरियाला वर स्वतंत्र एलईडी हवा, रोज सात-आठ तास, टायमर लावून. टायमर नसेल तर दिवा शेवटी बाहेर पडणाऱ्याच्या आठवणीवर राहतो, म्हणजे रात्रभर चालू. जास्त उजेड ॲनुबियासलाही बाधतो: पानं इतकी सावकाश येतात की जुन्या पानांवर शेवाळ ठाण मांडून बसतं. पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी नकोच, झाड कुठलंही असो.

लावणीत ॲनुबियास सोपं. दोऱ्याने दगडाला बांधा, झालं. त्याचं आडवं जाड खोड मात्र वाळूत पुरू नका, कुजतं. व्हॅलिस्नेरियाला दोन इंच धुतलेली जाड वाळू आणि मुळांशी दोन-तीन महिन्यांनी खताची गोळी लागते. मुळं वाळूत, पानं जिथून फुटतात तो गड्डा वर. क्रिप्टोकोरिनची जागा बदलली की पानं विरघळल्यासारखी गळतात. घाबरून उपटू नका, मुळं शाबूत असतील तर काही आठवड्यांत पुन्हा फुटतं. आणि शेतातली काळी माती? कापसाला सोनं असेल, टाकीत ती फुगून नुसता गढूळ काला करते.

खरी परीक्षा मे महिन्यातली. शनिवारी संध्याकाळी एसी बंद होतो तो सोमवारीच सुरू, आणि एवढंसं पाणी भराभर तापतं. तीसच्या वर गेलं की जावा फर्न आधी कुरकुरतं, पानं तपकिरी पडतात. व्हॅलिस्नेरिया ऊन-ऊन पाणी बऱ्यापैकी सोसते. तिचा उपद्रव निराळा: धावत्या फांद्यांनी ती सगळी टाकी व्यापते, लांब पानं पृष्ठभागावर पसरून खाली अंधार करतात. पंधरा दिवसांनी कात्री हवीच. ॲनुबियासला महिन्याला एखादं नवं पान येतं. हिशोबनिसांच्या ऑफिसात मार्चअखेर कुणी टाकीकडे बघितलं नाही तरी त्याचं काही बिघडत नाही.

म्हणून एसी कायम असेल, उजेड कमी आणि हात रिकामे नसतील, तर ॲनुबियास घ्या. महाग पडलं तरी घ्या. बोअरचं पाणी, तापणारी खोली आणि कात्री धरणारं कुणी असेल तर व्हॅलिस्नेरिया. माझ्याकडे मागे व्हॅलिस्नेरियाची रांग आहे आणि तिच्या सावलीत ॲनुबियासचा एक दगड. सावलीमुळे त्या दगडावर शेवाळ फारसं धरत नाही.

मासे झाडांनंतर चार-सहा आठवड्यांनी आणा, तोवर माशांना घातक असा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होतात. जड पाण्याला गप्पी उत्तम, डासांसाठी आरोग्य खातं डबक्यात सोडतं तेच. फक्त सगळे नर निवडा. आम्ही निवडले नाहीत, आणि आता ऑफिसात प्रत्येकाच्या घरी एक बरणी आहे.