ड्राय-फिट, होजिअरी की खादी: भरतीच्या मैदानावरचे कपडे

पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावावं लागतं. गावोगावच्या मैदानांवर त्याचा सराव दिवस उजाडायच्या आतच सुरू होतो. अंगात बहुतेकांच्या आठवडी बाजारातला दीड-दोनशेचा ड्राय-फिट टी-शर्ट असतो. धावणं अर्ध्या तासात आटोपतं, पण तोच ओला कपडा घालून पोरं दुपारपर्यंत वावरात नाहीतर अभ्यासिकेत बसतात. खरी अडचण इथे आहे, म्हणून या कपड्यांची पारख या दोन्ही वेळांसाठी केली आहे.

ड्राय-फिट म्हणजे पॉलिस्टर. त्याच्या धाग्याने अंगाला खाज सुटणं विरळा, त्रास होतो तो रंगाने. पॉलिस्टर डिस्पर्स रंगांनी रंगवतात. हे रंग धाग्याशी रासायनिकरीत्या जोडले जात नाहीत, 130 अंशांच्या आसपास दाबाखाली धाग्यात नुसते शिरून बसतात. रंगवल्यावर कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइटने धुऊन वर राहिलेला रंग काढायचा असतो. स्वस्त मालात ही धुलाई उरकती घेतली की तो रंग घाम आणि अंगाचं तेल लागून सुटतो. डिस्पर्स ब्लू 106 आणि 124 हे ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध रंग गडद निळ्या, काळ्या, तपकिरी छटांत सापडतात. म्हणून ड्राय-फिट घ्यायचाच तर पांढरा किंवा फिका, सैल आणि बिनछापाचा घ्या.

कबड्डीच्या टीमची नावं-नंबर छापलेली जर्सी सामन्यापुरती ठीक आहे, रोजच्या सरावाला नको. तिची सब्लिमेशन छपाई याच डिस्पर्स रंगांची असते. कागदावरची नक्षी सुमारे 200 अंशांच्या प्रेसखाली कापडात उतरवतात आणि छापलेली जर्सी सहसा न धुताच पिशवीत भरतात. आली की दोनदा धुवा, मगच घाला. ‘घामाचा वास येत नाही’ असं लिहिलेल्या कपड्याला जादा पैसे देऊ नका. त्यावर चांदीचा किंवा दुसरा जंतुनाशक थर असतो आणि तो धुण्यागणिक उतरत जातो. पाणी झटकणाऱ्या जॅकेटवर बरेचदा पीएफएएस गटातली फ्लोरिनयुक्त रसायनं असतात. ती निसर्गात जवळजवळ विघटन पावत नाहीत. सरावाला असल्या जॅकेटची गरजच नाही.

एक गुण मात्र ड्राय-फिटला द्यावाच लागेल. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तो झटकन वाळतो, अंग हलकं राहतं. श्रावणातल्या दमट हवेत हा फायदा बराच कमी होतो. शिवाय अंगाचं तेल पॉलिस्टरला चिकटून राहतं, त्यामुळे धुतलेला शर्टही घातल्यावर दहा मिनिटांत वास मारतो.

आमची पहिली पसंती पांढऱ्या सुती होजिअरीला, म्हणजे साध्या सँडो बनियनला आणि 140 ते 160 जीएसएमच्या (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) टी-शर्टला. सुताचे चांगले रंग रिॲक्टिव्ह असतात, ते धाग्याशी रासायनिक बंध करतात. कापूस हवेतूनच 8.5 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. याचीच दुसरी बाजू म्हणजे घाम पिऊन सूत जड होतं आणि लांब पल्ल्याला मांड्या व छाती घासून काढतं. पाच किलोमीटरच्या वर धावत असाल तर मांड्यांना व्हॅसलिन लावा. पहिल्या धुण्यात कपडा आटतो, म्हणून एक नंबर मोठा घ्या. ‘रिंकल-फ्री’ सूत टाळा. त्यावर बहुधा त्वचेला त्रास देऊ शकणारं फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं.

वर्ध्याच्या गोपुरीत किंवा जवळच्या खादी भांडारात मिळणारी खादी व्यायामाला चालते, पण फक्त सैल कपड्यात. हे कापड ताणलं जात नसल्याने बैठका मारताना शिवण उसवते. पायजमा शिवताना शिंप्याला दोन्ही मांड्यांच्या मधे चौकोनी तुकडा घालायला सांगा. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून काढलेला धागा असतं.

मुलींच्या स्पोर्ट्स ब्राकडे जास्त लक्ष हवं. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंटल हेल्थ या संस्थेला पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सच्या (स्पॅन्डेक्स म्हणजे ताणला जाणारा धागा, लायक्रा) काही ब्रामध्ये बीपीए हे हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणारं रसायन आढळलं होतं. आतला थर सुती, स्पॅन्डेक्स पाच ते आठ टक्के आणि इलॅस्टिक कापडात झाकलेलं, अशी घ्या. उघडं इलॅस्टिक अंगाला लागलं की रबरातल्या थायुरमसारख्या रसायनांनी पट्ट्याखाली लाल वळ उठू शकतात.

दुकानात पांढरा रुमाल मिठाच्या पाण्यात भिजवून कपड्याच्या आतल्या बाजूवर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा घेऊ नका. घरी आणल्यावर कापडातला एक धागा जाळून बघा, शिवणीचा नको, कारण शुद्ध सुती कपड्याची शिलाईसुद्धा बहुधा पॉलिस्टर दोऱ्याची असते. सूत जळताना कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून टणक काळी गोळी होते.

पुरळ आलं तर ते कुठे आहे ते नीट बघा. रंगाच्या ॲलर्जीत काखेच्या कडा, मांड्यांचा आतला भाग आणि गुडघ्यामागची बाजू लाल होते, काखेचा खळगा बहुधा सुटतो. कडा उठलेली, मधे साफ होत जाणारी गोल चकती असेल तर तो गजकर्ण. ओल्या घट्ट कपड्यात तो फोफावतो. त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. खाज चार दिवस थांबते आणि बुरशी आणखी पसरते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

धुताना कपडा उलटा करा आणि निम्मीच पावडर टाका. सॉफ्टनर नको, त्याच्या थराने घाम शोषला जात नाही. लायक्राला ब्लीच लावलं की त्याची लवचिकता जाते. पावसाळ्यात सूत लवकर वाळत नाही, म्हणून तीन जोड हवेत. पिशवीत एक कोरडं बनियन आणि कोरडी चड्डी ठेवा आणि मैदानावरून निघण्याआधीच बदला.