लंजिंगचा संच : केव्हसनला पाच, चाबकाला दोन

माझी मैना नऊ वर्षांची. खोगिराखाली गुणाची घोडी, पण लंजिंगला, म्हणजे लांब दोरावर आपल्याभोवती रिंगणात फिरवायला, नेलं की अडेलतट्टू. चार पावलं चालायची, थांबायची आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहायची. पाठ, खूर, दात डॉक्टरांकडून तपासून घेतले, दुखणं काही निघालं नाही. (हे सगळ्यात आधी करा. दुखत असेल तर कुठलंही सामान फुकट.) मग हा संच मागवला : केव्हसन (नाकपट्टीवर कडी असलेला डोक्याचा साज), आठ मीटरचा सुती दोर आणि चाबूक. दोन महिने वापरून लिहितेय.

केव्हसनला पैकीच्या पैकी. आधी मी दोर तोंडातल्या लोखंडी कडियाळालाच अडकवायची. दोर जरा ताणला की तिच्या तोंडात ओढ बसायची, आणि तोंडातली ओढ म्हणजे ‘थांब’, हे तिला मीच पाठीवर बसून शिकवलेलं. म्हणजे एका हाताने थांब, दुसऱ्या हाताने चल! बिचारी थांबायची, तर मी चिडायची. केव्हसनमध्ये दोर नाकावरच्या मधल्या कडीला लागतो, तोंड मोकळं राहतं. नाकपट्टीच्या आत जाड गादी आहे. ती गालाच्या हाडाखाली दोन बोटं, नाकाच्या टणक भागावर बसवायची. त्याखालच्या मऊ भागावर घसरली तर श्वासाला त्रास होतो. जबड्याखालचा पट्टा मी पहिल्या दिवशी सैल ठेवला, तर सगळा साज फिरून बाहेरच्या बाजूचा पट्टा तिच्या डोळ्यापाशी गेला. तो नीट आवळल्यापासून साज हललेला नाही.

पण केव्हसन घातल्याबरोबर मैना धावू लागली, असं समजू नका. पहिला आठवडा तोच तमाशा. शेवटी पुतण्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला. तो बघून म्हणाला, “काकू, तूच तिच्या वाटेत उभी आहेस.” घोडं तिथेच पेंड खात होतं. मी सरकत सरकत तिच्या खांद्याच्या पुढे जात होते, आणि तिच्या दृष्टीने वाट बंद होत होती. आता मी तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) रेषेच्या थोडी मागे राहते : दोर तोंडाकडे, चाबूक मागच्या पुठ्ठ्याकडे, या त्रिकोणाच्या टोकाला मी.

दुसरी खोड माझ्या जिभेची. प्रत्येक पावलाला ‘चक चक’. ती ऐकेनाशी झाली यात नवल काय? आता एकदाच ‘चल’ म्हणते. नाही हलली तर चाबूक उचलते, तरीही नाही तर चाबकाची दोरी तिच्या मागे जमिनीवर आपटते. आणि ती निघाली की त्याच क्षणी गप्प. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. तिसऱ्या आठवड्यात ती नुसत्या शब्दावर दुडकीला लागली, मान खाली सोडून, फुरफुरत. मागची टाप पुढच्या टापेच्या ठशावर पडत होती. उजवीकडे अजून जरा कुरकुरते.

दोर चांगला. सुती असल्याने हातमोज्यातून घसरत नाही, फिरती कडी असल्याने पीळ पडत नाही. टोकाला हात अडकवायचा फास दिलाय, तो मी कापून टाकला. घोडं उधळलं तर त्यात मनगट अडकेल. दोराच्या घड्या हातावर ठेवायच्या, वेटोळं घालायचं नाही. आठ मीटर लांबी मला पुरते. रिंगण लहान केलं की सांध्यांवर ताण येतो, म्हणून मोठंच ठेवते आणि दोन्ही बाजू धरून पंधरा मिनिटांत आटोपते.

चाबकाने मात्र निराशा केली. दांडा टोकाकडे जड, पाच मिनिटांत मनगट भरून येतं. पुढची दोरी इतकी हलकी की वाऱ्यात भलतीकडेच जाते. एकदा ती मैनाच्या कानापाशी फडफडली आणि आमची दोन दिवसांची मेहनत वाया गेली. तो तिला मारायला नाहीच, दिसायला हवा, म्हणूनच तर तो जिथे दाखवायचा तिथेच दिसायला हवा. हल्ली तो बहुतेक वेळ माझ्या बगलेत असतो, टोक मागे जमिनीला टेकलेलं. तिथेही जडच लागतो.

सुटा मिळत असेल तर नुसता केव्हसन घ्या. मैनाचं तोंड निमुळतं, तिला मधलं माप शेवटच्या भोकात बसतं. लहान चणीच्या घोड्यासाठी एक माप कमी मागवा.