नखं खाऊ नयेत म्हणून लावायचं कडू पॉलिश : वापरून बघितलं, त्याबद्दल

टेन्शन आलं की नखं खाणाऱ्यांसाठी लिहितेय, म्हणजे नुसता शेंडा कुरतडणारे नाहीत, बाजूची कातडी ओढून रक्त काढणारे. म्हापशाच्या बाजारात एका फार्मसीत मिळालं, अडीचशेच्या आसपास, छोटीशी बाटली, झाकणालाच ब्रश. रंग नाही त्यामुळे पुरुषांनी लावलं तरी कोणाला कळत नाही.

चव भयंकर आहे, आणि ती कारल्यासारखी जात नाही, चूळ भरली तरी घशात बसून राहते. त्यात डेनाटोनियम बेंझोएट असतं, १९५८ साली स्कॉटलंडमध्ये सापडलेलं, लाखात एक भाग असला तरी तोंडात धरवत नाही. स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यात हेच टाकतात, मुलांनी गिळू नये म्हणून निन्टेंडो स्विच या व्हिडिओ गेमच्या छोट्या कार्डावरही हेच असतं.

आता काम करतं का, तर मी अकाउंट्समध्ये आहे, जीएसटीआर-३बीची, म्हणजे दर महिन्याच्या जीएसटी रिटर्नची, २० तारीख जवळ आली की स्क्रीनकडे बघता बघता बोट तोंडात जातं आणि मला पत्ताच नसतो, पणजीच्या शटल बसमध्ये बसल्याबसल्या तर हमखास. अशा वेळी हे पॉलिश खरंच उपयोगी, कडू लागलं की हात तोंडात आहे हे लगेच कळतं आणि थांबता येतं. पण रात्री छातीत धडधडत असतं, झोप येत नाही, तेव्हा मी कडू लागत असतानाही नखं खाल्लीत, कारण तेव्हा जीव शांत व्हायला काहीतरी हवंच असतं आणि पॉलिश ते देत नाही.

म्हणून त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी पाहिजेच. मला सायकॉलॉजिस्टनी हॅबिट रिव्हर्सल शिकवलं, ही पद्धत १९७३ पासून आहे, हात वर जायला लागला की मूठ घट्ट आवळून मिनिटभर तशीच धरायची किंवा हातात काहीतरी पकडायचं. आधी सवय कधी, कुठे उठते ते लिहून काढायचं, मला हे लिहिण्याचाच जास्त फायदा झाला, २० तारखेचं कनेक्शन तिथेच कळलं. कडू चव लागली की मूठ, असं जोडून घेतलं आणि मग बाटलीचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

एक मोठा त्रास मात्र पाकिटावर कोणी लिहीत नाही. आपण हाताने जेवणारी माणसं! हुमण-भात (हुमण म्हणजे आमची माशाची आमटी) कालवला की सगळा घास कडू, भाजी-पाव खाताना पावालाही तीच चव. आई म्हणाली, "अगो, चमच्याने खा ना मग," पण बांगड्याचे काटे चमच्याने कसे काढणार? मी आता रात्रीचं जेवण झाल्यावर लावते, दोन कोट, नीट सुकू देते, आणि सकाळी उजव्या हाताच्या बोटांचं रिमूव्हरने काढते. ऑफिसमध्ये डाव्या हातालाच लावलेलं असतं, तरी बराच फरक पडतो. भांडी घासली की उतरतंच, दर एक-दोन दिवसांनी परत लावावं लागतं.

कातडी फाटली असेल तिथे लावू नका, जाम झोंबतं. नखुरडं होऊन पू झाला असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. आणि मुलांना लावणार असाल तर त्यांना सांगून, त्यांना हवं असेल तरच लावा, शिक्षा म्हणून नको, ते पोर आधीच कशाला तरी घाबरलेलं असतं.

नख महिन्याला साधारण ३ मिमीच वाढतं, पूर्ण नवीन यायला सहा महिने जातात, त्यामुळे पंधरा दिवसांत फोटो काढून निराश होऊ नका. रात्रीची धडधड माझ्यासारखी रोजची असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि गोव्यात बांबोळीला आयपीएचबीची, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाची, ओपीडी आहेच. पॉलिशला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा मार्क त्या हुमणासाठी कापला.