जानेवारीतलं तुंगनाथ आणि आमचे साडेसोळा हजार

अमळनेरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तीस वर्षं झाली, खिळे, साखळ्या, पत्रे विकतोय. रिव्हेट कच्चा आहे की पक्का, हे हातात घेतल्यावर कळतं मला. आणि मलाच यात्रा काढणाऱ्या एका माणसानं पत्र्याचे चार दात ठोकलेलं रबर 'क्रॅम्पॉन' (बर्फावर घसरू नये म्हणून बुटाला बांधायचे काटे) म्हणून दिलं, आणि मी ते बांधून उत्तराखंडातल्या तुंगनाथाला, साडेतीन हजार मीटरच्या वर चढलो. आता हसू येतं. वहिनींच्या मनगटात प्लेट बसली आहे, म्हणून पुरतं हसता येत नाही एवढंच.

आम्ही नऊ जण, सगळे भजनी मंडळातले. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं पायी सप्तशृंगी गडावर जातात, त्यातले आम्ही दरवर्षीचे. आमच्यातले तिघं दिवाळीत आस्तंब्यालाही जाऊन आलेले. सातपुड्यातली अश्वत्थाम्याची यात्रा ती, दगडधोंड्यांतून चढायची. त्यामुळे पायांचा आम्हाला गर्व होता, आणि त्या माणसानं सगळ्यात आधी नेमका तोच पकडला. "जिभाऊ, आस्तंबा चढेल मानूसले तुंगनाथ काय शे?" असं तो माझ्याच दुकानात, माझाच चहा पीत म्हणाला.

तो आपल्याकडचाच, घरात अहिराणी बोलणारा. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण नाव कळून उपयोगही नाही, पुढच्या हंगामात तो दुसऱ्या नावानं येईल. मोबाइलमध्ये त्याचा गडावरचा फोटो, कपाळाला गंध, बोलताना दर दोन वाक्यांनी 'जय भोले'. दिल्लीचा कोणी अनोळखी माणूस फोनवर हेच बोलला असता तर आम्ही दहा प्रश्न विचारले असते. याला एकही विचारला नाही. विचारणं म्हणजे घरच्या माणसावर संशय घेणं, असं वाटलं.

माणशी साडेसोळा हजार. भुसावळहून रेल्वे, हरिद्वारपासून गाडी, राहणं-जेवण, बर्फाचं सामान, गाइड, 'वनखात्याची परवानगी', विमा, ऑक्सिजन आणि दर्शन. अर्धे पैसे आगाऊ घेतले, तेही कंपनीच्या खात्यावर नाही, मेहुण्याच्या नंबरावर. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र आलं.

आता मूळ गोष्ट. तुंगनाथाचं मंदिर हिवाळ्यात बंद असतं. पंचकेदारातला, म्हणजे शंकराच्या तिकडच्या पाच मंदिरांतला, हा तिसरा केदार, शंकराच्या बाहूंचं स्थान, उंची 3,680 मीटर. दिवाळीनंतर केव्हातरी कपाट, म्हणजे मंदिराचं दार, बंद होतं, देवाची डोली खाली मक्कूमठाला येते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पूजा तिथंच चालते. केदारनाथाचंही तसंच, भाऊबीजेला कपाट बंद आणि गादी उखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात. यात गुपित काहीच नाही. तुंगनाथाची बंद व्हायची तारीख दसऱ्याला जाहीर होते, उघडायची बैसाखीला. आपल्याकडे गावातल्या शेंबड्या पोराच्या मोबाइलवर ती दोन मिनिटांत सापडते. आमच्या नऊ जणांच्या खिशात मिळून अकरा मोबाइल होते.

मी नंतर त्याला फोनवर झापलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, पत्रक वाचा. काढून वाचलं. लिहिलं होतं, 'श्री तुंगनाथ मंदिर परिसर दर्शन'. सगळी लबाडी त्या 'परिसर' शब्दात. दारापर्यंत नेलं की त्याचं काम झालं.

संक्रांतीचा तिळगूळ खाऊन निघालो. हरिद्वारहून पहाटे गाडी सुटली. देवप्रयागला अलकनंदा-भागीरथीचा संगम खिडकीतूनच पाहिला, कारण 'टाइम नहीं है'. रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, उखीमठ. उखीमठात मी म्हटलं, इथं ओंकारेश्वराचं दर्शन घेऊ, केदारनाथ सध्या इथंच आहे ना? हे मला तिथल्या फलकावरून कळलं होतं. तरी माझी ट्यूब पेटली नाही, की केदारनाथ खाली आलाय तर तुंगनाथही आला असेल. ड्रायव्हर म्हणाला, येताना. येताना आम्ही कुठून गेलो ते पुढे येईल.

दुगलबिट्ट्याच्या अलीकडे ड्रायव्हरनं गाडी उभी केली. "आगे पाला जमा है, चेन नहीं है." आम्हाला वाटलं, झाडांचा पाला पडलाय रस्त्यावर. नाना तर म्हणाले, अरे पालापाचोळ्याला काय घाबरतो हा, आमच्याकडे केळीच्या पाल्यातून ट्रॅक्टर जातात. खाली उतरले आणि दोन पावलांत बसले. तिकडे पाला म्हणजे दहिवराचा, वितळलेल्या बर्फाचा, रात्री गोठलेला थर. डांबर ओलं दिसतं, असतं काचेसारखं. सावलीच्या वळणांवर तो दुपारीही सुटत नाही. नाना बसल्या बसल्या म्हणाले, "हाई बरफ नही, काच शे." पुढच्या दोन दिवसांत त्याच्याइतकं खरं कोणी काही बोललं नाही. टायरच्या साखळ्या पॅकेजात लिहिलेल्या होत्या. साखळ्या मी किलोवर विकतो, सोबत नेल्या असत्या. उरलेलं अंतर अंधारात, सामान पाठीवर घेऊन चालत चोपत्याला पोचलो. तुंगनाथाची पायवाट तिथून सुरू होते.

थेट चढाई ही दुसरी फसवणूक, आणि ती पैशाची नव्हे, जिवाची. अमळनेर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर. चोपता साधारण 2,700. कळसूबाई आपलं सगळ्यात उंच शिखर, ते 1,646. म्हणजे मंडळातला कोणीही आयुष्यात जिथं गेला नव्हता तिथं आम्हाला एका दिवसात आणून टाकलं आणि दुसऱ्या सकाळी आणखी हजार मीटर वर न्यायचं ठरलं. मधे एक मुक्काम उखीमठाला ठेवायला हवा होता. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. नाही दिला तर डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. तसं झालं की वर जायचं नसतं, वाढलं तर खाली उतरायचं, तेच खरं औषध. मुक्काम वाचला की खोलीचं भाडं वाचतं, एवढाच त्याचा हिशोब.

सकाळी सामान वाटलं. माझं क्रॅम्पॉन मी हातात घेऊन पाहिलं. रबर उन्हात पडलेल्या ट्यूबसारखं, वाकवलं की बारीक भेगा दिसायच्या. दात पत्र्याचे, एका बाजूला एक गळालेला, त्या जागी रिव्हेटचं भोक. ग्राहकानं असला माल परत आणला असता तर मी निमूट बदलून दिला असता. आणि तरी मी ते घातलं. का, ते सांगतो. सगळे जण तयार होऊन उभे होते, बायका 'हर हर महादेव' म्हणत होत्या, आणि नऊ जणांत आपण एकटे खोडा घालणार, याची लाज वाटली. ही लाज आमची होती, तिचं खापर त्याच्यावर फोडत नाही.

ऑक्सिजनचे दोन डबे होते. एक दाबला तर आवाजच नाही. दुसऱ्यातून आला, पण असले डबे मोजक्या श्वासांपुरतेच असतात हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. परवानगीचा कागद तर दुकानात फ्रेम करून लावावा असा. त्यावर गोल शिक्का, 'केदारनाथ नॅशनल पार्क'. वनखात्याच्या नाक्यावरच्या माणसानं तो वाचला, हसला आणि परत दिला. तो भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, या नावाचं नॅशनल पार्क नाहीच. पावती तिथंच फाडून मिळाली. आम्ही आधी माणशी बाराशे दिले होते.

गाइड म्हणजे हॉटेलातला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याच्या पायात साधे बूट. पोरगं गुणी होतं, पण त्याला तरी कोणी काय सांगितलं होतं? आम्हाला खरी मदत झाली ती चोपत्याच्या चहावाल्याची. त्यानं आमचे पाय पाहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, लोकरीचे मोजे बुटाच्या वरून चढवा. आम्हाला थट्टा वाटली. पण घट्ट झालेल्या बर्फावर लोकर खरंच पकडते. त्याच्या त्या एका वाक्यानं आम्ही जेवढे चढलो तेवढे त्या क्रॅम्पॉननं नाही. आणि त्यानंच विचारलं, "दर्शन करना है तो ऊपर क्यों जा रहे हो? भगवान तो मक्कूमठ में हैं."

क्षणभर सगळे गप्प झालो. मग कोणीतरी म्हणालं, इतकं आलोय तर पाय तरी लावून येऊ. निघालो.

चोपता ते तुंगनाथ वाट साडेतीन-चार किलोमीटरची, दगडी फरसबंदीची. उन्हाळ्यात आजीबाईसुद्धा जातात. हिवाळ्यात तीच फरशी घात करते. आधी गेलेल्यांच्या पायांनी बर्फ दाबला जातो, रात्री गोठतो आणि सकाळी उताराची घसरगुंडी तयार असते. मऊ बर्फात माणूस रुततो, या गोठलेल्या बर्फावर घसरतो. आमच्या बनियन सुती. चढताना घामानं भिजल्या, थांबलो की तो घाम अंगावरच थंड व्हायचा. पत्रकात फक्त 'गरम कपडे आणावेत' होतं. आतून सुती नको, घाम शोषून लवकर सुकणारं हवं, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं, हे कोणीच सांगितलं नव्हतं. गॉगल फक्त दोघांकडे. बाकीच्यांचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल झाले, रात्री वाळू गेल्यासारखे खुपत होते. तात्यांचं डोकं अर्ध्या वाटेतच धरलं. पोरानं पाठीवरच्या पिशवीतून रमची बाटली काढली, 'साब ने दिया है, गर्मी के लिए'. दारूनं गरम वाटतं खरं, पण रक्त कातडीकडे धावतं आणि अंगातली ऊब उलट लवकर जाते. माळकरी म्हणून तात्या वाचले. त्यांना दोघांसोबत खाली पाठवलं. हा आमचा त्या दिवसातला एकमेव शहाणपणा.

दीड वाजता मंदिरापाशी पोचलो. पायऱ्या बर्फात, दार बंद, दाराला कुलूप. वारा असा की हात जोडायला मोजे काढवेनात. वहिनी रडल्या. मी त्या माणसाला फोन लावला, रेंज नाही. पोरगं म्हणालं, फोटो काढायला सांगितलंय, साहेबांना पाठवायचाय. आम्ही उभे राहिलो, सवयीनं हसलोही. मग ते म्हणालं, चंद्रशिला अजून वर आहे, चला. चंद्रशिला म्हणजे चार हजार मीटरच्या आसपास, उघडा उतार, आणि जानेवारीत साडेपाचच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. नाही म्हणालो. वर पोचायची नाही, परत फिरायची वेळ आधी ठरवायची असते, हे मला घरी आल्यावर कळलं. तेव्हा फक्त भूक लागली होती म्हणून फिरलो.

उतरताना एका सावलीच्या वळणावर वहिनींच्या डाव्या बुटाचं रबर फाटलं. तुटलं नाही, एका रिव्हेटच्या भोकापासून सरळ चिरत गेलं. त्या बसल्या, घसरल्या, हात टेकला. आवाज मी ऐकला. पुढचे दोन किलोमीटर त्यांचा हात माझ्या मफलरच्या झोळीत होता, आणि आम्ही चौघं त्यांना बसत-सरकत खाली आणत होतो. चहावाल्यानं गाडीची सोय केली. रात्री रुद्रप्रयागला एक्स-रे. उखीमठातून जाताना ओंकारेश्वराचा कळस दिसला एवढंच.

रुद्रप्रयागला विम्याचा कागद काढला. तो गाडीचा होता. अक्षरशः टेम्पोचा थर्ड पार्टी विमा, त्याची झेरॉक्स काढून आम्हा नऊ जणांना वाटलेली.

घरी आल्यावर पैसे मागितले तर आधी 'देतो', मग 'देवाच्या दारात अडचणी येतातच', मग नंबर बंद. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. 2019 च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, उत्तराखंडला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आमच्याकडे पुरावा म्हणून आहे ते पत्रक, यूपीआयचे व्यवहार आणि ते फाटलं क्रॅम्पॉन. ते मी टाकू दिलं नाही. वहिनी म्हणतात घरात अपशकुन नको, म्हणून दुकानात खिळ्याला टांगलंय.

कोणी हिवाळ्यात तिकडे निघत असेल तर जावं, बर्फातला तो डोंगर बघण्यासारखा आहे, मी नाही म्हणणार नाही. फक्त पैसे देण्याआधी विचारा: देव त्या महिन्यात कुठल्या गावी आहे? पहिली रात्र किती उंचीवर? परत फिरायचं किती वाजता? सामान आधी दाखवणार का? विम्यावर माझं नाव आहे का? आमचा माणूस या पाचपैकी एकाचंही उत्तर देऊ शकला नसता. आणि मक्कूमठाला जायला बर्फ तुडवावा लागत नाही, गाडी जाते.

गेल्या महिन्यात भाच्यानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. नवं नाव, नवा नंबर, 'बर्फातील तुंगनाथ, मर्यादित जागा'. भाव एकोणीस हजार. खाली फोटो आमचा. 'दर्शन घेऊन तृप्त झालेले खानदेशी भाविक'. वहिनी मधे हसताहेत, दोन्ही हात जोडलेले. मी दारासमोर उभा आहे, आणि कुलूप नेमकं माझ्या माकडटोपीमागे गेलंय.