जुन्या सहा-कोअर मशीनमध्ये आरएक्स ६६००: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी मशीन. इंटेल कोअर आय५-८४००, बी३६० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, ४५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा पॉवर सप्लाय आणि १०८०पीचा १४४ हर्ट्झ मॉनिटर. त्यातलं एनव्हिडियाचं जुनं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी काढून एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६०० बसवलं. बाकी काहीही बदललं नाही. कार्ड हाय सेटिंगवर १०८०पी सहज पेलतं, वीज जवळपास पूर्वीइतकीच घेतं, आणि या प्रोसेसरसोबत याहून मोठं कार्ड लावण्यात अर्थ नाही. पण हा निष्कर्ष खरा ठरायला स्लॉट, बायोस (मदरबोर्डाची मूळ सेटिंग) आणि पॉवर सप्लाय या तीन जागा नीट जमाव्या लागतात, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहितोय.

१०६० बदलायचं कारण निव्वळ वेग नव्हतं. एनव्हिडियाने पास्कल पिढीचे, म्हणजे १०६० च्या पिढीचे, गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. शिवाय डूम: द डार्क एजेससारख्या गेमना हार्डवेअर रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारी कार्डातली सोय) लागतंच, तिथे सेटिंग कितीही उतरवली तरी १०६० चालत नाही.

जुन्या मशीनसाठी कार्ड निवडताना लोक मेमरी आणि बेंचमार्क पाहतात, लेन (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातले डेटाचे मार्ग) पाहत नाहीत. आठव्या पिढीचं इंटेल (आय५-८४०० त्यातलंच) म्हणजे कार्डाच्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस ३.०. आरएक्स ६६०० ला ८ लेन आहेत, म्हणजे ३.० वर एका दिशेने सेकंदाला जेमतेम ८ जीबी. कार्डावरच्या मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी आहे. गेमचा सगळा माल कार्डाच्या ८ जीबीत मावतो तोवर या फरकाची झळ लागत नाही. मेमरी भरली की टेक्स्चर सिस्टिम रॅममधून त्या अरुंद रस्त्याने यायला लागतात आणि कॅमेरा फिरवताना झटके बसतात. त्यामुळे टेक्स्चर अल्ट्राऐवजी हायवर ठेवणं या मशीनवर खरोखर फरक पाडतं. आरएक्स ६५०० एक्सटीला तर फक्त ४ लेन आणि बहुतेक मॉडेलमध्ये ४ जीबी मेमरी. ते कार्ड ३.० च्या मदरबोर्डात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आरटीएक्स ३०६० १२ जीबीला पूर्ण १६ लेन आहेत, पण ते १७० वॅट घेतं, तेव्हा पॉवर सप्लायचा हिशेब आधी करावा.

तो हिशेब ६६०० साठी सोपा आहे. १०६० ची मर्यादा १२० वॅट, ६६०० ची १३२. स्लॉट ७५ वॅट देतो, ८ पिनचा जोड १५० वॅटचा. मात्र १०६० च्या बऱ्याच मॉडेलना ६ पिन पुरत होती, इथे ८ लागतात. पॉवर सप्लायच्या केबलला ६+२ असं टोक असेल तर दोन सुट्या पिना सहाच्या शेजारी सरकवून खाच जुळवायची आणि दोन्ही एकत्र दाबायच्या. प्रोसेसरची ४+४ पिनांची केबल दिसायला सारखीच असते, पण तिचं वायरिंग उलटं असतं. ती कार्डात जबरदस्तीने घालू नये. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडापासून ८ पिन बनवणारे अडॅप्टरही टाळावेत: साटाच्या पॉवर जोडाची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट आहे, आणि त्यावर दीडशेचं टोक लावलं तर प्लॅस्टिक वितळतं. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या मॉडेलला कधीच लावू नये. कार्डाकडचं टोक सारखं असलं तरी सप्लायकडच्या पिनांची मांडणी बदलते.

काम सुरू करण्याआधी मॉनिटरच्या केबलकडे एकदा बघा. ६६०० वर डीव्हीआय हा जुना जोड नसतो, डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय असतात. डीव्हीआयचा ६० हर्ट्झ मॉनिटर एचडीएमआयच्या साध्या अडॅप्टरवर चालतो. ड्युअल-लिंक डीव्हीआयचा १४४ हर्ट्झ मॉनिटर मात्र साध्या अडॅप्टरवर ६० च्या वर जात नाही, त्याला डिस्प्लेपोर्टचा अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टर हवा.

जुना ड्रायव्हर काढायला डीडीयू हे ड्रायव्हर मुळापासून पुसणारं साधन वापरावं, तेही सेफ मोडमध्ये आणि इंटरनेट बंद करून. इंटरनेट चालू राहिलं तर नवं कार्ड दिसताक्षणी विंडोज स्वतःचा ड्रायव्हर टाकायला धावतं आणि एएमडीचा इन्स्टॉलर मध्येच अडखळतो. एएमडीचं पॅकेज आधीच डाउनलोड करून ठेवावं.

प्रत्यक्ष बसवणं थोडक्या वेळाचं काम आहे. प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, पॉवरची केबल काढायची, मागच्या पट्टीचे दोन स्क्रू सोडवायचे, स्लॉटच्या टोकाची कडी दाबून कार्ड सरळ वर उचलायचं. कडी कार्डाच्या आड लपलेली असते. बोट पोचत नसेल तर लाकडी चमच्याचं टोक वापरा, स्क्रूड्रायव्हर घसरला तर मदरबोर्डावर चरा पडतो. नवं कार्ड घालताना कडीचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. स्क्रू आवळून झाल्यावर पुन्हा एकदा पाहा, कारण पट्टी नीट न बसता स्क्रू आवळला तर कार्डाचं मागचं टोक स्लॉटमधून किंचित वर येतं. असं झालं तर मशीन चालू होतं, चित्रही येतं, पण लेन कमी जोडल्या जातात. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेसच्या रांगेत ८ लेन आणि ३.० दिसायला हवं. कार्ड निवांत असताना तिथे १.१ दिसतं ते बरोबरच आहे, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट सुरू केली की आकडा ३.० वर जातो. लेनचा आकडा ४ किंवा १ असेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा.

आता बायोस. रीसाइझेबल बार चालू केल्यावर प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते, एरवी एका वेळी २५६ एमबीची खिडकी मिळते. एएमडीच्या अधिकृत यादीत आठवी पिढी नाही. तरी अनेक मदरबोर्ड कंपन्यांनी ३०० मालिकेच्या बोर्डांसाठी ही सोय देणारं बायोस काढलं, तेव्हा आपल्या मॉडेलच्या पानावर पाहून घ्यावं. सेटिंग दोन: अबव्ह फोर-जी डिकोडिंग आणि रीसाइझेबल बार. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची बायोसमधली सोय) बंद हवं, आणि जुनी मशीनं इथेच अडतात. विंडोज एमबीआर (पार्टिशनच्या जुन्या पद्धतीच्या) डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद करताच बूट होत नाही. घाबरायचं कारण नाही, सीएसएम परत चालू केलं की विंडोज येतं. कायमचा उपाय म्हणजे विंडोजमधलं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन. बॅकअप घ्यायचा, आधी त्याची तपासणीची आज्ञा चालवायची आणि मग रूपांतर. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा एखादं लॉजिकल पार्टिशन असेल तर तपासणीतच नकार येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की बाजूला लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या बूटला तीच मागितली जाते. एवढ्या खटाटोपाचा फायदा गेमगणिक बदलतो: काहींत चांगला जाणवतो, काहींत शून्य. इंटेल आर्क कार्डांना मात्र बारशिवाय हात लावू नये, त्यांचा वेग फारच पडतो.

आता खेळताना काय मिळालं ते. वेग १०६० च्या साधारण पावणेदोन ते दोन पट. सायबरपंक २०७७ मध्ये हाय सेटिंगवर १०६० सेकंदाला तीस फ्रेमच्या आसपास घुटमळायचं, ६६०० साठीच्या आसपास राहतं. पण शहरातल्या गर्दीच्या बाजारात शिरलं की फ्रेम पन्नाशीखाली येतात आणि त्याच वेळी कार्डाचा वापर ९८ टक्क्यांवरून ७० च्या घरात उतरतो. ही प्रोसेसरची मर्यादा आहे: आय५-८४०० ला सहा कोअर आणि सहाच थ्रेड. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम वाढल्या नाहीत तर कार्डाचा दोष नाही. अशा वेळी शॅडो किंवा टेक्स्चर कमी करून काही साधत नाही. गर्दीची घनता, दृश्याचं अंतर आणि रे-ट्रेसिंग ही प्रोसेसरवर भार टाकणारी सेटिंग आधी उतरवावीत. तसंही ६६०० वर रे-ट्रेसिंग नावापुरतंच आहे.

एवढ्या महिन्यांत सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे फ्रेमची मर्यादा. जड गेममध्ये १४४ चा हट्ट सोडून ६० किंवा ७२ वर मर्यादा बांधली आणि फ्रीसिंक (मॉनिटरचे हर्ट्झ फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू ठेवलं की प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि सरासरीपेक्षा जे जास्त बोचतं ते मधेच थबकणं बरंच कमी होतं. सरासरी ८५ आणि झटके, यापेक्षा सलग ६० केव्हाही चांगले. एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारी एएमडीची सोय) प्रोसेसरच्या मर्यादेवरचा उपाय नाही, हेही लक्षात ठेवावं: तो कार्डाचं ओझं हलकं करतो आणि इथे अडतंय प्रोसेसरपाशी.

एक जमेची बाजू अशी, की डायरेक्टएक्स १२ (गेम ज्यातून कार्डाशी बोलतात ती विंडोजची सोय) मध्ये एएमडीचा ड्रायव्हर प्रोसेसरवर तुलनेने कमी भार टाकतो, आणि जुन्या प्रोसेसरवर हा फरक जाणवतो. डायरेक्टएक्स ११ आणि ओपनजीएलमधली एएमडीच्या कमी वेगाची जुनी तक्रार २०२२ च्या ड्रायव्हरनंतर बरीच कमी झाली.

तापमानाबद्दल. ड्रायव्हरमध्ये दिसणारे १०० वॅट हे फक्त चिपचे असतात, मेमरी आणि बाकी सर्किट धरून कार्ड १३२ पर्यंत जातं. हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) चिपच्या सरासरीपेक्षा १० ते २० अंशांनी वर असतो आणि त्याची मर्यादा ११० अंश आहे, त्यामुळे ८५ पाहून काळजी करू नये. फरक ३० च्या पुढे गेला तर मात्र पेस्ट किंवा कूलरची बैठक बिघडली आहे असं समजावं. मूळ व्होल्टेज ११५० मिलिव्होल्ट. ते १०८० च्या आसपास आणलं तर वेग न घटता पंखे शांत होतात. पण प्रत्येक चिप वेगळी असते. २०-२० च्या पायरीने उतरा आणि बेंचमार्कवर विसंबू नका, लांबलचक गेममध्ये तपासा.

बिघाडाची दोन लक्षणं वेगळी ओळखता यायला हवीत. स्क्रीन क्षणभर काळी होऊन डेस्कटॉप परत येतो आणि ड्रायव्हर टाइमआउटचा संदेश दिसतो: आधी व्होल्टेज मूळ जागी न्या, मग रॅमचं एक्सएमपी (तिला जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून पाहा, शेवटी डीडीयू चालवून ड्रायव्हर नव्याने टाका. मशीन निळी स्क्रीन न दाखवता थेट रीस्टार्ट होतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१ सापडतं: संशय पॉवर सप्लायवर घ्या. कार्डाची सरासरी मागणी १३२ असली तरी क्षणिक उसळ्या त्याहून बऱ्याच वर जातात आणि म्हातारा सप्लाय तिथे मान टाकतो.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. एच.२६४ रेकॉर्डिंगचा दर्जा कमी बिटरेटवर एनव्हिडियाच्या मागे आहे, लाइव्ह स्ट्रीमिंग करणाऱ्यांना तो खटकेल. एव्ही१ या नव्या स्वरूपातला व्हिडिओ हे कार्ड दाखवू शकतं, एन्कोड करू शकत नाही. एनव्हिडियाच्या कुडावर (कार्डावर गणितं चालवणाऱ्या प्रणालीवर) बेतलेली सॉफ्टवेअर यावर चालत नाहीत. जास्त हर्ट्झचे दोन मॉनिटर जोडले तर मेमरीचा क्लॉक खाली येत नाही आणि कार्ड रिकामं बसूनही वीज खात राहतं. एका मॉनिटरचे हर्ट्झ कमी केले की बहुतेक वेळा तो उतरतो.

चार कोअर आणि चार थ्रेडचा आय५ असेल, म्हणजे सातवी पिढी किंवा त्याआधीची, तर आजच्या मोठ्या गेमसाठी नुसतं कार्ड बदलून झटके जाणार नाहीत. तिथे आधी त्याच सॉकेटवर चालणारा आठ थ्रेडचा आय७ शोधावा. आणि रॅमची एकच स्टिक असेल तर कार्डाच्याही आधी दुसरी घ्या.